जांभळ्या दिव्याखालचे हात

टप्, टप्, टप्.

धाकटा नुकताच झोपला होता. दुपारचं घर इतकं गप्प होतं की मी श्वाससुद्धा जपून घेत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हा आवाज सुरू झाला. आमची कुत्री गुंडी मागच्या पायाने कान खाजवत होती आणि दर खेपेला तिचा पाय फरशीवर आपटत होता.

मी तिचा कान वर करून पाहिला. मागे केस गेलेला एक गोल चट्टा होता. कड लालसर, मध्ये कोंडा. मग मला आठवलं, की सकाळी फ्रॉक घालताना चिमीच्या दंडावरही असंच काहीतरी दिसलं होतं. चिमी माझी थोरली, अजून शाळेच्या पहिल्या बाकावर बसणारी. गुंडीला उशी करून झोपते.

"आई, नायटा दिसतोय," मी सासूबाईंना म्हणाले. "डॉक्टरांना दाखवू या."

"नायटा कुत्र्याला होतो? तुझ्याच तोंडून ऐकतेय." त्यांनी चष्मा लावून दोन्ही चट्टे पाहिले. "कुत्रीला आणि पोरीला एकसारखं उठलंय, आणि किती गोल उठलंय बघ. कुणी आखल्याशिवाय इतकं गोल होतं का काही? दिवेकाकांकडे जायचं, कुणी केलंय ते दाखवतात ते."

नवरा कामाच्या गावी होता. फोनवर म्हणाला, "जाऊन ये ना एकदा. घरात शांतता राहील." घरातली शांतता राखायचं काम आमच्याकडे नेहमी मलाच मिळतं.

दिवेकाकांची बैठक एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागच्या खोलीत भरायची. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. दारावर पाटी होती: 'पांढरे कपडे घालून येऊ नये. कामावरून असाल तसे यावे.' आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुणाच्या कडेवर तापलेलं मूल, कुणाच्या मांडीवर मांजर, कोपऱ्यात एका म्हाताऱ्याने पिंजऱ्यासकट आणलेला पोपट. गुंडी माझ्या पायांत शिरून थरथरत होती.

काका आले. पायापासून गळ्यापर्यंत काळे कपडे, आवाज मधात घोळलेला.

"काका काही करत नाही बरं का," ते म्हणाले. "डॉक्टर सांगतात. काका दाखवतो. सांगण्यात आणि दाखवण्यात फरक आहे की नाही, माऊली?"

"आहे, आहे," खोली म्हणाली.

"मी कुणाचं नाव घेत नाही. उजेडच घेतो. उजेड खोटं बोलत नाही."

दिवा विझला. काळोखात एक जांभळा उजेड पेटला, हातात मावेल एवढ्या कंदिलातून. काकांनी तो गुंडीच्या कानामागे धरला आणि त्या चट्ट्यातले केस हिरवे होऊन चमकले. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"दोष आहे," काका म्हणाले. "आता बघू कुणाकडून आलाय. घरच्यांनी हात पुढे करा."

सासूबाईंचे हात काळोखातच राहिले. चिमीचे इवलेसे हातही. मग उजेड माझ्या हातांवर आला. माझ्या नखांच्या कडा, बोटांच्या भेगा, अंगठीखालचा खळगा, सगळं निळसर पांढरं उजळलं. जणू कुणी माझे हात चांदण्यात बुडवून काढले होते.

कुणीतरी मागून म्हणालं, "अगं बाई, आईच आहे."

"मी काही म्हणत नाही," काका म्हणाले. "मुद्दाम केलंय असंही नाही. काही हातच तसे असतात." त्यांनी सासूबाईंच्या हातात काळ्या मलमाची डबी ठेवली. "कुत्रीला हे चोळा. पोरीला नको, नाजूक आहे. कुत्रीचं उतरलं की पोरीचं आपोआप उतरेल. सूनबाईंनी पाजण्यापुरतं बाळ घ्यावं. बाळाच्या कपड्यांना हात लावू नये. पुढच्या बैठकीपर्यंत उतरलं नाही, तर कुत्रीला वस्तीबाहेर सोडून यावं लागेल."

त्या रात्रीपासून माझं बाळ मला भाड्याने मिळू लागलं. पाजून झालं की सासूबाई हात पुढे करायच्या आणि मी माझ्या पोटचं पोर परत करायचे. ते रडलं की मी दाराच्या चौकटीत उभी राहायचे. लंगोट, दुपटी, झबली, सगळं धुणं सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. बादलीपाशी बसून त्या कंबरेवर हात ठेवायच्या, मला मात्र जवळ येऊ द्यायच्या नाहीत.

"मी धुते ना, आई."

"तू बस लांब. धुऊन काय उजेड पाडलास तो दिसलाच."

मलम लावलं त्या संध्याकाळी गुंडी घरभर धावली. कान फरशीवर घासत, भिंतीवर घासत, केविलवाणी ओरडत. पंजाने पुसून ते तिने चाटलं आणि रात्रभर उलट्या केल्या. सकाळी कानामागची कातडी फोडांनी भरली होती. चिमीने मला विचारलं, "गुंडीने काय केलं होतं?"

मी गुंडीला जुन्या चादरीत गुंडाळलं. "लस टोचून आणते," असं सांगून, चिमीचं बोट धरून, प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी मलमाची डबी उघडून नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली. "गाडीच्या इंजिनातलं जळकं तेल. वर गंधक. गॅरेजवाले हे ओतून टाकतात, तुम्ही हे जनावराला चोळलंत?"

मी सगळं सांगितलं. जांभळ्या दिव्याचं सांगितल्यावर त्यांनी भुवया वर केल्या, खिडकीचा पडदा ओढला आणि खणातून एक भिंग काढलं. त्याच्या कडेने तसाच जांभळा दिवा होता.

"हा?"

चिमी माझ्या मागे लपली.

"घाबरू नको गं. हा साधा दिवा आहे, माझ्याकडे रोज असतो." त्यांनी गुंडीचा कान पुसला आणि दिवा धरला. केस पुन्हा हिरवे चमकले. "ही बुरशी आहे. तुम्ही म्हणालात तोच नायटा. हिच्या एका जातीने धरलेले केस या दिव्याखाली हिरवे दिसतात. सगळ्या जाती दिसत नाहीत, म्हणून मी केस उपटून काचेखालीही बघणार. गोल का, तर बुरशी मधून बाहेर चहूकडे सारखी वाढते. कुणी आखत नाही."

"आणि माझे हात?"

त्यांनी माझ्या बोटांच्या भेगा पाहिल्या. मग माझ्या पिशवीत आधीपासून राहिलेला धाकट्याचा धुतलेला लंगोट त्यांनी ओढून काढला आणि दिव्याखाली धरला. लंगोट भक्कन पेटला, निळा-पांढरा, खोलीभर उजेड पडेल असा.

"कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक रसायन घालतात. ते या उजेडात चमकतं. कपड्यांना बसतं, तसं नखांत आणि भेगांतही बसतं." त्यांनी लंगोटाची घडी घातली. "त्यांना पांढरे कपडे का नको होते, कळलं? अख्खी खोली चमकली असती. घरात धुणं कोण धुतं?"

"मीच. म्हणजे, मीच धुवायचे."

"आता?"

"आता सासूबाई."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चिमी आम्हां दोघींकडे पाहत होती.

डॉक्टरीणबाईंनी तेल धुऊन काढलं, फोडांना औषध लावलं, चट्ट्याभोवतीचे केस कापले. अंघोळीचं औषध दिलं, गोळ्या दिल्या. अंथरूण रोज उकळत्या पाण्यातून काढायचं, गळलेले केस झाडून काढायचे, चिमीला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून मलम आणायचं आणि गुंडीला तिच्या बिछान्यापासून जरा लांब झोपवायचं. "आठवडे लागतील," त्या म्हणाल्या. "पुढच्या बैठकीपर्यंत चट्टा जाणार नाही. पण जाणार नक्की."

त्यांच्या गोळ्यांनी गुंडी खाऊ लागली, शेपूट हलवू लागली. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "काकांचं मलम जहाल आहे, पण गुण आहे हो." मी वरणाला फोडणी देत ऐकत होते आणि एक शब्द बोलले नाही. त्या रोज बादलीपाशी बसत होत्या, आणि मी पावडरीचा डबा भरलेला आहे ना, तेवढं बघत होते.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी धाकट्याची दुपटी मुद्दाम जास्तीची धुवायला टाकली. सासूबाई तशाच, पदराला हात पुसत, माझ्याबरोबर निघाल्या. ठरल्याप्रमाणे डॉक्टरीणबाई गडद साडी नेसून आमच्या मागच्या रांगेत येऊन बसल्या.

दिवा विझला. जांभळा उजेड गुंडीच्या कानावर आला. हिरवं अजून होतं.

"उतरलं नाही," काका सुस्कारा टाकून म्हणाले. "दोष जबर आहे. सूनबाई, हात."

मी हात पुढे केले. माझे हात काळे राहिले. आठवडाभर त्यांना पावडर लागलीच नव्हती.

काका थबकले. "काका," मी म्हणाले, "घरच्या सगळ्यांचे बघा ना. आईंचे पण बघा. नीट, जवळून."

उजेड सरकला आणि सासूबाईंचे हात पेटले. नखं, भेगा, तळव्याच्या रेषा. माझे कधी पेटले नव्हते इतके. त्यांनी हात मागे घेतले, पदरात लपवले, तरी पदराचं ओलं टोक चमकतच राहिलं.

"माझं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "मी तर लेकरासाठी..."

खोलीत कुजबूज फिरली. "सासूच का? तरी म्हटलं." मी ती कुजबूज पूर्ण फिरू दिली. माझ्या कानांना ती गोड लागत होती.

काकांनी घसा साफ केला. "दोष सरकलाय. सुनेकडून सासूकडे."

"सरकलाय खरा," मी उठून म्हणाले. "बादलीबरोबर सरकलाय." मी पिशवीतून लंगोट काढून त्यांच्या कंदिलाखाली झटकला. काळोखात तो फडफडला, चंद्र फाडून काढल्यासारखा. "हा माझ्या बाळाचा लंगोट. याच्यातही दोष आहे का, काका? की धुण्याची पावडर आहे?"

मी खोलीकडे वळले.

"ज्यांच्या हातांत काकांना दोष सापडला, त्यांनी बोला. तुमच्या घरी धुणं कोण धुतं?"

"मीच," एक सून म्हणाली. दुसरी म्हणाली, "मीच." एका कोपऱ्यातून चार घरची धुणीभांडी करणारी मावशी म्हणाली, "मी तर साऱ्या गल्लीचं धुते. मला यानं सांगितलं, तुझ्या हातानं सात घरं बुडतील. कामं सुटली माझी."

डॉक्टरीणबाईंनी आपला दिवा पेटवला. हिरवं म्हणजे बुरशी, ते पुसून जात नाही, औषधाने जातं. निळं-पांढरं म्हणजे पावडर, ते ज्याच्या त्याच्या बादलीतून येतं. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि लोकांना स्वतःच्या बाह्या, रुमाल दिव्याखाली धरू दिले. किराणा दुकानदार पुढे आला, काकांचा कंदील उलटा करून म्हणाला, "अरे, हा तर नोटा तपासायचा दिवा. माझ्या गल्ल्यावर आहे. याला नुसती बाहेरून टोपी घातलीय."

धुणीवाली मावशी तो कंदील घेऊन काकांसमोर उभी राहिली. "हसा बघू."

काका घाबरून ओशाळं हसले आणि त्यांचे दात निळे-पांढरे चमकले.

"सगळ्यांचेच दात चमकतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तोवर खोली हसायला लागली होती. भीती उतरल्यावर माणूस हसतो तसं, पोट धरून.

मी हसले नाही. मी मलमाची डबी उघडून काकांच्या पुढ्यात धरली. "लावा. कोपरावर लावा. माझ्या कुत्रीला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. कसं वाटतं ते सांगा."

त्यांनी हात पाठीमागे घेतले. ते सगळ्यांनी पाहिलं. मला एवढंच हवं होतं. पोलिसांत तक्रार डॉक्टरीणबाईंनी दिली, सह्या आम्ही बायकांनी केल्या. त्या खोलीच्या खिडक्यांवरचा काळा कागद आता फाटलाय.

उजेड खरंच खोटं बोलत नव्हता. खोटं बोलत होता तो धरणारा. म्हणून, बायांनो, कुणी तुम्हाला काही दाखवलं तर नुसत्या बघू नका. विचारा: हे असं का दिसतं? दुसऱ्या कशावर असंच दिसतं का? त्याच्या स्वतःच्या हातावर काय दिसतं? आजारी जनावर असो की मूल, डॉक्टरकडे न्या. आणि चट्ट्याचा दोष कुणाच्या पदरात घातला जातोय ते बघा. घरात जी सर्वांत जास्त राबते, बोट तिच्याकडेच वळतं.

आता गुंडीच्या कानामागे बारीक मऊ केस आले आहेत. चिमीचा दंड स्वच्छ आहे. धाकटा माझ्याच मांडीवर झोपलाय, तो कुणाला परत द्यायचा नाही.

त्या दिवसापासून सासूबाई जेवढ्यास तेवढं बोलतात. हाताला खोबरेल लावून, दोन्ही तळवे उताणे ठेवून खिडकीत बसतात. काल चिमी त्यांच्याजवळ बराच वेळ बसली होती. मग माझ्याकडे आली, बाळ उठू नये म्हणून अगदी हळू आवाजात बोलली.

"आई, डॉक्टरमावशींनी लंगोट चमकवला तेव्हाच आपल्याला कळलं होतं ना? मग तू आजीला आधी का नाही सांगितलंस?"