म्हसोबाचं मीठ आणि पाण्यावरची जीप

धावड्याच्या थांब्यावर त्या दिवशी एस.टी.ला उभं राहायलाही जागा उरली नव्हती. बाजार सोडून माणसं एका जीपभोवती गोळा झाली होती. चहावाला गिऱ्हाईक विसरून टाचा उंचावून बघत होता. जीपची पेट्रोलची टाकी सगळ्यांसमक्ष खोलून धुळीत ठेवली होती आणि बॉनेटवर मांडी ठोकून बसले होते जलानंद महाराज. अंगात भगवी कफनी, मनगटावर सोनेरी घड्याळ.

"टाकी कुठंय?" महाराज गरजले.

"खाली!" गर्दी ओरडली.

"मंग गाडी कशावर चालनार?"

महाराजांनी काचेची बरणी उंच धरली. पाण्यात दोन काळ्या कांड्या बुडवलेल्या होत्या. "हिमालयातला पाषाण हाये ह्यो! तेजभस्म पडलं की पान्यातला अग्नी जागा होतो. सायन्सवाल्यांना हे कळायला अजून सात जन्म लागतील!"

चिमूटभर पांढरी पूड पाण्यात पडली. बॅटरीच्या तारा जोडल्या आणि कांड्यांवरून बुडबुडे सुटले. नळीच्या तोंडाशी काडी नेताच फट्कन आवाज झाला. मग महाराजांनी नळी इंजिनात खोवली, चावी फिरवली, आणि जीप चक्क चालू झाली. बायांनी हात जोडले.

गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी शिवकन्या मागे उभी होती. तसल्या कांड्या जुन्या सेलमधून निघतात हे तिला माहीत होतं. तिला राहवलं नाही. "बुडबुडे खरे आहेत महाराज. माझ्या वर्गातली पोरंही पाण्यातून हायड्रोजन काढतात. पण त्यावर जीप चालत नाही. आणि भस्म म्हणजे नेमकं काय हो?"

"ताई, मायच्या दुधात नेमकं काय ऱ्हातं, हे इचारून पेली होतीस का?"

गर्दी खदाखदा हसली. सगळ्यात मोठ्याने हसला तिचा धाकटा भाऊ वसंता.

वसंता धावडा ते भोकरदन काळी-पिवळी जीप चालवायचा. त्याच संध्याकाळी त्याने बरणी बसवून घेतली, तीही पुढच्या सीटखाली, म्हणजे देव जवळ राहील. "डिझेल हळूहळू कमी कर, श्रद्धा हळूहळू वाढव," असा महाराजांचा मंत्र होता. डिझेल काही कमी लागेना. श्रद्धा मात्र वाढत राहिली, आणि भस्म संपलं.

महाराज तेव्हा दुसऱ्या गावांचा उद्धार करायला अंबडकडे गेले होते. वसंताने डोकं चालवलं. अंगावरची चामखीळ जावी म्हणून म्हसोबाला मीठ वाहायची त्या गावची जुनी रीत. दगडापुढे खडेमिठाचा ढीग कायम पडलेला. देवाला वाहिलेलं मीठ भस्माहून कमी कसं असेल? वसंताने ओंजळभर मीठ बरणीत टाकलं. बुडबुडे दुप्पट झाले. गाडीत एक उग्र, नाकात झोंबणारा वास पसरला.

"देवाचा श्वास हाये," वसंताच्या जीपवरचा कंडक्टर बद्रीनाथ म्हणाला, आणि गाडीभर सगळे तेच म्हणू लागले. खोकला आला तर? त्याचंही उत्तर महाराज देऊन गेले होते. खोकल्यावाटे पाप निघतं.

हिवाळा होता. भल्या सकाळी वसंता आपल्या आईला, द्वारकाबाईला, दम्याचं औषध आणायला भोकरदनला घेऊन निघाला. थंडी लागू नये म्हणून जीपचे पडदे घट्ट बांधले. मायला मानाची जागा दिली, पुढची, थेट बरणीवर. शिवकन्या शाळेत लवकर गेली होती. ती घरी असती तर मायला त्या गाडीत बसूच दिलं नसतं.

चार मैलांवरच द्वारकाबाईची छाती वाजायला लागली. डोळ्यांतून पाणी, ओठ निळे. मागचे दोघे प्रवासी उड्या टाकून उतरले. स्वतःही खोकत वसंताने ब्रेकवर पाय ठेवला, तर म्हातारीनेच त्याचा हात धरला.

"थांबवू नको लेकरा. पाप निघून राह्यलं."

त्याने थांबवली नाही. सरकारी दवाखान्याच्या पायरीवर तिने मान टाकली. डॉक्टरांनी वसंताचे कपडे हुंगले आणि विचारलं, "हिला क्लोरीनमध्ये कशाला कोंडलं होतं?"

गाव मात्र हरखलं. देवाच्या श्वासाने नेलं, असं मरण कुणाला येतं! जीपला हार चढले. दुखवट्याला स्वतः जलानंद महाराज आले, शिष्य आणि जीप घेऊन. ओट्यावर बसून म्हणाले, "द्वारकामाय तेजात मिळाली. ह्या गाडीचं आता दर्शन चालू करू."

शिवकन्या आतून आली. रडून तिचा आवाज बसला होता. तिने वसंताच्या जीपमधली बरणी आणून महाराजांच्या जीपमध्ये, पुढच्या सीटखाली ठेवली. ओंजळभर मीठ टाकलं, तारा जोडल्या, पडदे बांधले.

"बसा महाराज. देवाचा श्वास घ्या. पाप असेल तर निघेल."

"आत्ता मुहूर्त न्हाई, ताई..."

"मायला मुहूर्त होता का?" हे वसंता बोलला. त्याने महाराजांना कफनीसकट उचललं, आत कोंबलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. आधी आतून मंत्र ऐकू आले. मग खोकला. मग, "मरन मी! उघड, भाड्या! मिठानं इखारी वायू सुटतो रे!"

"ऐकलंत?" शिवकन्या गर्दीकडे वळली. "ह्यांना ठाऊक होतं. वसंता, सोड त्याला."

महाराज चार पायांवर बाहेर पडले आणि ओट्याखाली ओकले. त्यांच्या धडपडीत मागची सीट उचकटली होती. खाली पेट्रोलचा डबा होता, बारीक नळी थेट इंजिनात गेलेली. शिष्याची पिशवी झाडली, तर तेजभस्म म्हणून धुण्याचा सोडा निघाला. हार चढवणारेच आता चपला काढून धावले. शिवकन्याने त्यांना अडवलं.

"मारू नका. पोलिसांत द्या. तुम्ही कुठं वेगळे होता? माय खोकून मेली, आणि तुम्ही गाडीला हार चढवले."

वसंता भिंतीला टेकून खाली बसला. "अक्का, मंग बरनीत काय टाकाया पाह्यजे होतं?"

शिवकन्याने त्याच्याकडे पाहिलं. तिला दया आली नाही. "नुसत्या शुद्ध पाण्यातून वीज नीट जात नाही, म्हणून काहीतरी मिसळावं लागतं. मीठ मिसळलं की क्लोरीन सुटतो. प्रयोगशाळेत मोजून कॉस्टिक सोडा वापरतात, तेही हातमोजे घालून, उघड्या हवेत, माणसांपासून लांब, कारण त्यातून निघणारा वायू भडकतो. पण ते टाकलं असतंस तरी जीप पाण्यावर चालली नसती. बॅटरी भरतं तुझं इंजिन, आणि इंजिन पितं डिझेल. त्याच डिझेलवर तू बुडबुडे काढत होतास. जेवढं मिळतं त्याहून जास्त त्यात जातं."

मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "कुणी पूड दिली तर ती कशाची आहे हे आधी विचारा. सांगत नसेल तर घेऊ नका. डोळे चुरचुरले तर तो वास देवाचा नसतो, बाहेर पळा."

"पर मला हे काहीच ठाऊक नव्हतं, अक्का," वसंता पुटपुटला.

"माय निळी पडली, वसंता. गाडी थांबवून पडदा वर करायला कोणतं सायन्स लागत होतं?"