दिसेल तो डोंगर

माझ्या नवऱ्याचे डोळे जाणार, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्याच संध्याकाळी तो घरी येऊन एका गेमचा ट्रेलर बघत बसला. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, पण इथे अरेतुरेच चालेल, कारण त्या दिवसापासून मनातल्या मनात मी त्याच्याशी भांडतेच आहे.

"अहो, चाळिशी उलटली तुमची," मी म्हणाले. "बघायचंच तर काहीतरी धड बघा."

"धडच बघतोय. इकडे ये, हे गवत बघ."

गवत! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

त्याच्या नजरेचा घेर आक्रसत चालला होता. समोरचं नीट दिसायचं, कडेचं नाहीसं व्हायचं, नळीतून बघावं तसं. इतकी वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली, आणि एका तपासणीत लायसन्स गेलं. डेपोने घरी बसवलं नाही एवढं नशीब. माईकसमोर बसवलं, गाड्या पुकारायला. रूट सगळे तोंडपाठ, आवाजही ठणठणीत. घरी आला की मात्र तोंडाला कुलूप. ते उघडायचं फक्त ह्या गेमसाठी, जो अजून बाजारात आलाच नव्हता.

बातमी आणली होती माझ्या नणंदेने. ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते, आणि ही दोघं भावंडं लहानपणापासून खेळवेडी. राजे, जादू, पंख असलेली जनावरं, असा सगळा मामला. त्यात एवढं काय आहे, असं मी विचारलं, तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सासूबाईंना नावं ठेवली असती तरी त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं.

"वहिनी, ह्यात ठरलेला रस्ता नाही," नणंद म्हणाली. "गोष्ट आहे, पण ती पुरी करायलाच पाहिजे असं नाही. राजाचं काम टाकून खुशाल नदीकाठाने चालत सुटा, कोणी विचारणार नाही. बनवणारे सांगतायत, दिसेल तो डोंगर चढता येईल."

दिसेल तो डोंगर. नवऱ्याने एवढंच उचललं. त्याच्या रूटवर एक डोंगर लागायचा. रोज डावीकडे दिसायचा, रोज मागे पडायचा. बस भरलेली, गाठायची वेळ ठरलेली, मध्ये थांबतो कोण? एकदा तरी वर जायचंय, असं तो म्हणायचा, आणि मी "हो हो, रिटायर झाल्यावर" म्हणायचे.

म्हणून मी त्याला त्या खऱ्याच डोंगरावर घेऊन गेले. खरा हाताशी असताना टीव्हीतल्यासाठी झुरायचं कशाला? पायवाट अरुंद होती आणि त्याला कडा दिसेनात. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो चढला. दगड आला की मी सांगायचे, फांदी आली की सांगायचे. अधूनमधून ओरडतही होते, कारण भीती वाटली की मी ओरडते. वर पोचल्यावर विचारलं, "झालं समाधान?"

"छान होतं," तो म्हणाला.

नावडती भाजी वाढली की तो म्हणतो, तसलं 'छान'. परतताना बसमध्ये तो हळूच बोलला, "राग मानू नकोस. तू होतीस म्हणून वर गेलो. पण डोंगर काही दिसला नाही गं, तुझी पाठ दिसली. गेममध्ये मी एकटा जाईन. कोणाचा हात न धरता."

माझं तोंड एरवी कात्रीसारखं चालतं. त्या दिवशी घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मग मीही त्याच्याशेजारी बसून ट्रेलर बघायला लागले. मी पडदे शिवते, कापड कसं पडतं ह्यावर माझं पोट आहे. ट्रेलरमध्ये एक प्रवासी बाई घोड्यावरून उतरते. तिचा झगा आधी खोगिराला अडतो, मग सुटतो, आणि घोळाची कड बाकीच्या कापडापेक्षा जरा उशिरा खाली पोचते.

"हे ज्याने केलंय त्याने कापड हातात धरलेलं आहे," मी म्हणाले.

नवऱ्याने ट्रेलर तिथेच थांबवला. इतकं खूश मी त्याला लायसन्स गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "पुन्हा सांग," म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. मग तो मला त्याचं दाखवू लागला. वारा आला की गवत एका अंगाला झुकतं आणि त्याची पांढुरकी बाजू वर येते. डोंगराच्या खांद्यावर बर्फ आहे, ऊन लागलं की ते गुलाबी होतं. अगदी माथ्यावर एक मोडकी कमान आहे. ती कमान तो रोज शोधायचा आणि सापडली की बोट ठेवायचा.

आणि गेम पुढे ढकलला गेला. कंपनीने लिहिलं, आम्हाला तो आणखी सुंदर करायचा आहे. "करू देत, घाई कसली," नवरा म्हणाला. मग पुन्हा पुढे ढकलला गेला. ह्या वेळी त्याने खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली. आणखी सुंदर म्हणे! मला त्या लोकांना फोन करून सांगावंसं वाटायचं, बाबांनो, आहे तसा द्या, आमच्याकडे एक गिऱ्हाईक फार घाईत आहे.

खुर्ची पुढे पुढे जात टीव्हीला टेकली. मग एक दिवस त्याने ती उचलून पुन्हा भिंतीशी जागच्या जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी मी चहाचा कप पुढे केला तर त्याचा हात भलतीकडेच गेला. मी कप त्याच्या हाताखाली नेला, आणि काही झालंच नाही असं दोघांनीही दाखवलं.

गेम आला तेव्हा त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

नणंदेने सुट्टीच्या दिवशी सकाळी येऊन सगळं जोडून दिलं. निघताना मला दाराबाहेर बोलावलं. रडून आली होती.

"वहिनी, दादाला सांगू नका. लोक भयंकर चिडलेत. ट्रेलरमधलं काहीच नाहीये ह्यात. डोंगरसुद्धा नुसता चित्रातला आहे. पायथ्याशी गेलं की पुढे जाताच येत नाही. दिसायला मोकळं, पण मध्ये न दिसणारी भिंत आहे. नंतर दुरुस्त करू म्हणतात."

"मला खोटं बोलता येत नाही, माहितीये ना तुला?"

"मग गप्प राहा."

"तेही येत नाही."

आत आले तर नवरा कंट्रोलर हातात घेऊन बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी शेजारी बसले. प्रवासी बाईला घेऊन घोडा निघाला. मी डावीकडे म्हटलं की तो डावीकडे, सरळ म्हटलं की सरळ. गवत एकाच ठशाचं होतं, स्वस्त कापडावरच्या छापासारखं. वाऱ्याचा आवाज येत होता, पण पातं हलत नव्हतं. पायथ्याशी आलो तेव्हा मी त्याला उतरायला सांगितलं.

"उतरली?" त्याने विचारलं. "झगा कसा पडला?"

झगा पुठ्ठ्यासारखा होता. खोगिरातून आरपार गेला आणि तिच्या पाठीला चिकटून उभा राहिला.

"आधी खोगिराला अडला," मी म्हणाले. "मग सुटला. कड जरा उशिरा आली."

"मला वाटलंच. आणि गवत?"

"वाऱ्याने एका अंगाला झुकतंय. पांढुरकी बाजू वर येतेय."

"बर्फ?"

"ऊन लागलंय. गुलाबी झालंय."

त्याचेच शब्द मी त्याला एकेक करून परत देत होते.

"कमान समोर आहे?"

"अगदी समोर."

"मग आता तू काही सांगू नकोस," तो म्हणाला. "इथून मी एकटा जातो."

तो बसच्या सीटवर बसायचा तसा ताठ बसला आणि त्याने अंगठा पुढे दाबला. पडद्यावरची बाई दोन पावलं गेली आणि अडली. समोर काहीच नव्हतं, तरी ती अडली. पाय मात्र चालतच राहिले, जागच्या जागी. खडकावर बूट वाजावेत तसा आवाज एका लयीत येत होता आणि नवरा तो मान किंचित कलती करून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर वारा लागत असावा असं मला वाटलं. मी पदर तोंडात कोंबला, कारण आता त्याला माझा श्वाससुद्धा ऐकू येतो.

मी भिंतीबद्दल सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण डोंगरावर म्हणाला तसं 'छान होतं' त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती.

"दमत नाही बघ इथे," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. "माथा आला की सांगशील ना?"

"सांगेन."

पावलं वाजत राहिली.

"आला का?"

"नाही अहो," मी म्हणाले. "अजून थोडं आहे. चालत राहा."