आबांच्या डोक्यावरचा चौरंग

मित्रांनो, देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकून उभा असलेला मी सागाचा जुना चौरंग. वर्षातून एकदा, श्रावणात, माझ्यावर कानबाई बसते. श्रीफळालाच डोळे, नथ, मळवट असं देवीचं रूप देतात. रात्रभर गाणी होतात आणि सकाळी देवी नदीवर जाते. बाकीचे दिवस माझ्यावर कुरडया वाळवल्या तरी मी कुरकुरत नाही. ज्याला एक दिवस देवी लाभली, त्याने आणखी काय मागावं?

गिरणाकाठच्या गावात लोटन सुताराने मला अभिमन पाटलांसाठी घडवलं. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. आबा इंग्रज सरकारचे पोलीस पाटील. छातीवर पितळी बिल्ला. तो रोज चिंचेने घासून लखलखीत करायची त्यांची लेक शेवंता.

मग बेचाळीसचा श्रावण आला. हातात तिरंगी निशाण दिसलं तरी तुरुंग, असे ते दिवस. देवीच्या मिरवणुकीला तेवढी मोकळीक होती, तीही फौजदाराच्या नजरेखाली. शेवंताने चळवळीतल्या मैत्रिणींना शब्द दिला होता, की त्या दिवशी निशाण गावातून फिरेल. आणि ते पकडलं गेलं तर पहिली बेडी आबांनाच पडणार, हेही तिला ठाऊक होतं.

विसर्जनाच्या सकाळी तिने मला उलटं केलं आणि माझ्या पोटाला निशाण खिळ्यांनी ठोकलं. ठोकताना तिचा हात थरथरत होता. मग मला सरळ केलं, लाल वस्त्र घातलं, देवी मांडली. चौरंग डोक्यावर घ्यायचा मान घरच्या कर्त्याचा. आंघोळ करून आबा वाकले, आणि शेवंताला राहवेना. देवीसमोर बापाला फसवायचं कसं?

"आबा, चौरंगना खाल निशाण शे," ती म्हणाली. "तुम्ही नका उचलू. मी लेस डोकावर."

वाकलेले आबा सरळ झाले. शेवंताची आई, भिकुबाई, दारातून म्हणाली, "उचला ना, बठ्ठा गाव वाट दखी राहिना."

आबांनी बिल्ला काढून कोनाड्यात ठेवला. मग लेकीला विचारलं, "खिळा पक्का ठोकेल शे ना, माय? वाटमा पडाले नको."

आणि त्यांनी मला उचललं. शेवंता रडता रडता हसली. त्या दिवशी मला माझं ओझं जाणवलंच नाही.

नदीवर देवी पाण्यात सोडली. परतताना रिकामा चौरंग पाय वर करून नेतात, अशी आमच्या घरची रीत. गावातली घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपरांची. रस्त्यावरून कुणाला काही दिसेना. पण धाब्यांवर बसलेल्या बायकांना माझ्या पोटावरचं ओलं निशाण लख्ख दिसलं. वरून फुलं आली, लाह्या आल्या. एका धाब्यावरून दुसऱ्या धाब्यावर हसू धावलं.

फौजदाराने वाट अडवली. "पाटील, या बायका का हसतायत? डोक्यावर काय आहे?"

"साहेब, मना डोकावर काय शे, ते माले कसं दिसी?"

फौजदार शिडी शोधून धाब्यावर चढेपर्यंत आम्ही घरी पोचलो. भिकुबाईने मला चार पायांवर उभं करून वर देवीच्या प्रसादाच्या रोटांचं ताट मांडलं. एवढ्यात तो दारात.

"चौरंग उलटा करा."

"तुम्हीच करा, भाऊ," ती शांतपणे म्हणाली. "पन हाऊ कानबाईना रोट शे, आमनी भाऊबंदकीलेच चालस. हात लावा ते तुम्हले आमना गोतमा येनं पडी. शेवंताले काका नहीच, ती खूश व्हई."

फौजदार बूट काढायला वाकला. मग काय वाटलं कोण जाणे, तसाच मागे फिरला. अंगणातून त्याच्या खोकल्याआडचं हसू मात्र ऐकू आलं.

बिल्ला कोनाड्यातून परत छातीवर चढला नाही. आबांनी पाटीलकी स्वतः सोडली. कुणी विचारलं तर म्हणत, "डोकं हलकं व्हयनं."

यंदा स्वातंत्र्य आलं, आणि कानबाईही. निशाण माझ्या पोटाखालून निघून देवीशेजारी उघड उभं राहिलं. आता घरातली मुलं मला रंग देऊ म्हणतात, खिळ्यांची भोकं बुजवू म्हणतात. मित्रांनो, मला तेलाचा हात फिरवा, वाळवीपासून जपा. पण ती भोकं राहू द्या. कधी मला उलटं कराल तेव्हा त्यांवर बोट ठेवून बघा. तिथे एका लेकीचा हात थरथरला होता, आणि तोच खिळा पक्का आहे ना, म्हणून तिच्या बापाने विचारलं होतं.