साबणाचे ठोकळे

मी ठोकळा बोलतोय. लाल-पांढरा, सुपारीपेक्षा थोडा मोठा. पोरांचं खेळणं समजू नका. टेक्सासात माझ्यावर माणसाचं जगणं-मरणं ठरतंय.

कारखान्यातल्या साच्यातनं मी आन माझे भाऊ एकदमच निघालो. एका पेटीत बसून डॉक्टर हॅस्कलकडं आलो. ह्यो सरकारी वकिलाचा माणूस. कैद्याची अक्कल मोजतो. पुस्तकातली नक्षी दावायची, तशी आमची जुळवून घ्यायची. आकडा सत्तरच्या खाली आला तर कायदा म्हणतो, ह्याला मरणाची सुई टोचू नका.

अर्विन गॅटलिन समोर बसला. पेट्रोल पंपावरच्या बाईचा जीव घेतलेला. एका हाताची बेडी सोडली. मला बघितलं आन गडी खुलला.

"ह्ये मला येतंय, सर! माझ्या वकिलाची डॉक्टरीण गेल्या म्हैन्यात ह्येच घेऊन आली हुती. तवा जमलं न्हाई. मंग दोऱ्यानं साबण कापून ठोकळे केले. केचप चोळून लाल केले. रोज लावतो."

दारातला शिपाई हसला. "आंघोळ कधी करणार रं मग, येड्या?"

हॅस्कलचा पेन थांबला. एवढ्या लवकर तीच परीक्षा घेतली की आकडा फुगतो, ह्ये त्याला ठाऊक. पेटी मिटायची का न्हाई भाड्या? पर म्हणला, "शाब्बास! आता पुढची नक्षी." अर्विननं फटाफट लावली. मला टेबलावरनं उडी मारावी वाटली. सहा बाजू हायत मला, तोंड एक न्हाई.

कोर्टात आमची पेटी टेबलावर हुती. आकडा चौऱ्याहत्तर. अर्विनच्या वकिलानं इचारलं, "आधीच्या सरावानं वाढला असेल ना?"

"थोडाफार," हॅस्कल म्हणला. साबणाची गोष्ट गिळूनच टाकली त्यानं.

जज्जानं चौऱ्याहत्तरच धरला. अर्विन मागं वळला. शाळेत कंदी पास न झालेलं पोर ते. आईला म्हणालं, "माय, पास झालो न्हवं?"

त्याच्या आईनं, ऑडी म्हातारीनं, पदर न्हाई, तर टोपीच तोंडावर धरली. "झालास बाळा. झालास."

त्याला सुई टोचून झाली. मी अजून पेटीत हाय, हॅस्कलच्या गाडीत. उद्या दुसरा कुणी बसंल माझ्याफुडं. मला हात लावायच्या आधी त्याला एवढं इचारा, ह्ये ठोकळे आधी कंदी लावलेस का रं? आन तो सांगंल ते कोर्टात सांगा.

माझ्या अंगाला अजून साबणाचा वास येतोय.