नावामागची मोकळी जागा

बायको गेल्याचं सुताराला कळलं तेव्हा तो कोणाच्या तरी घराचं दार बसवत होता. मुलाचा फोन आला. ऐकून झाल्यावर त्याने उरलेले स्क्रू आवळले, कारण दार अर्धवट सोडलं असतं तर कोणाच्या तरी अंगावर पडलं असतं. मग तो खाली बसला.

असा माणूस गावोगाव दरबार भरवून मेलेल्यांची खबर देणाऱ्या महाराजांच्या हाती अलगद लागतो.

दरबार भाड्याच्या हॉलमध्ये भरे. तोबा गर्दी. भिंतीवर मोठा पडदा, त्याखाली संगणक. दाराशी चेला मृताचं नाव विचारून यंत्रात भरायचा. मग नातेवाइकाने आत जाऊन तेच नाव स्वतःच्या हाताने टाइप करायचं. 'पोहोचले' उमटलं, तर आत्मा सुखरूप. सुताराने एकेक अक्षर शोधत बायकोचं नाव लिहिलं. उमटलं, 'सापडले नाही'. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच.

"आत्म्याचा सर्व्हर वर असतो, बरं का," महाराज डोळे मिटून म्हणाले. "तुझा सिग्नल घरातूनच कापला जातोय. नवीन बाई कोण आलीय घरात?"

नवीन म्हणजे सून. तिला माहेरी धाड, अंगावर सासूचे दागिने असतील तर ते शुद्धीसाठी इकडे आण, मग नाव पुन्हा तपासू, असं महाराजांनी सांगितलं. सुताराने सुनेशी बोलणं टाकलं. तिने वाढलेलं ताट तो बाजूला सारू लागला. मुलाने बापाला अडवलं नाही. रविवारी तिला पोचवायचं ठरलं.

सून नुकतीच प्रोग्रामिंगच्या क्लासला जाऊ लागली होती. ती एवढंच म्हणाली, की आधी मला एकदा दरबारात न्या, मग माझी बॅग मीच उचलते.

दाराशी तिने चेल्याच्या कानात एक नाव सांगितलं आणि त्याच्या हातांकडे बघत राहिली. नाव संपल्यावरही त्याचा अंगठा एकदा जास्तीचा पडला.

आत सुताराने बायकोचं नाव लिहिलं. 'सापडले नाही'.

"आता नावाच्या शेवटी ते खालचं लांबडं बटण एकदा दाबा, आप्पा."

त्याने दाबलं. पडद्यावर नाव होतं तसंच दिसत होतं, पण उत्तर आलं, 'पोहोचले'.

महाराज म्हणाले, कृपा झाली.

"कृपा कसली, मोकळी जागा आहे ती," सून म्हणाली. मग तिने सगळ्यांना समजावलं. चेला नावामागे एक रिकामी जागा सोडतो. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही, यंत्र मात्र तिला अक्षरासारखंच मोजतं, त्यामुळे दोन नावं जुळत नाहीत. भक्ताने उपाय केला की चेला ती जागा पुसतो. तिचाही प्रोग्राम क्लासमध्ये असाच अडला होता. ताडून बघण्याआधी नावाच्या पुढचं-मागचं रिकामं छाटायचं, एका ओळीचं काम आहे, असं तिथल्या बाईंनी शिकवलं होतं. इथे ती ओळ मुद्दाम गाळली होती.

"मेलेल्यांची थट्टा करतेस?" महाराज गरजले.

तिने दाराशी चेल्याला सांगितलेलं नाव लिहिलं आणि लांबडं बटण दाबलं. 'पोहोचले'. सुताराने मान वर करून वाचलं. नाव त्याचंच होतं.

"काय सुतार, वर हवापाणी कसं आहे?" मागून कोणीतरी विचारलं, आणि हॉल हसला. हशा ओसरेपर्यंत महाराज मागच्या दाराने पसार झाले होते.

यंत्राला आपणहून काही कळत नाही. कोणीतरी भरलेलं आणि सांगितलेलं तेवढंच ते करतं. तेव्हा चमत्कार दिसला की आधी विचारावं, हे भरलं कोणी, आणि आपल्याला न दिसणारं त्यात काय आहे? दुःखातल्या माणसाला हे सुचत नाही. त्याने विचारणारं कोणीतरी सोबत न्यावं.

सून माहेरी गेली नाही. सुतार आता तिच्या हातचं जेवतो, कामापुरतं बोलतो. तिची माफी मागायची अजून राहिली आहे.