सोनिकाचं ध्यान

दामिनीच्या आईची तेरवी होऊन तीन दिवस झाले आणि यमुताई ताटं परत द्यायला आल्या. शेजारीच राहायच्या, पण ताटं दारातून देऊन परत जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आत येऊन बसल्या.

दामिनीची सहा वर्षांची सोनिका फरशीवर ठोकळे रचत होती. ती सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हाच तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. मग झटके सुरू झाले. उजवा हात जरा मागे राहिला. बाकी पोरगी हट्टी होती, म्हणजे ठीक होती. शेवटच्या झटक्याला आता दोन वर्षं झाली होती. सलग दोन वर्षं कोरडी गेली तर औषध हळूहळू बंद करू, असं धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या औषधानं सोनिका वर्गात पेंगायची. डॉक्टरांकडे उद्याच जायचं होतं.

दामिनी शाळेत शिकवायची, नवरा हिंगण्याला कंपनीत. शाळेतून आल्यावर सोनिका आजीजवळ, दामिनीच्या आई कुसुमावतीबाईंजवळ, असायची. झटका आला तर कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे सगळं कुसुमावतीबाईंनी पाठ केलं होतं. फक्त कांद्यावर त्या अडल्या होत्या. हुंगवून काही होत नाही, तर हुंगवला म्हणून काय होते, असं त्यांचं म्हणणं.

“पोरीचं ध्यान लागते का वं अजून?” यमुताईंनी विचारलं.

“कसलं ध्यान?”

“घ्या! तुले माहीतच नाही? अवं, कुसुमबाई सांजचा दिवा लावे, अन् ही अशी एकटक बसे. आवाज देल्ला तरी हालत नाही. ओठ बारीक हालत राहे, जप केल्यासारखे. मी तं एकदा पाया पडली तिच्या.”

“हिच्या?”

“मंग? सत्व दिसलं का पडावं माणसानं.”

सोनिकानं ठोकळ्यांचा मनोरा लाथेनं पाडला.

“किती वेळ चालायचं हे?”

“दोन मिन्टं. मंग जराशी झोपाळल्यासारखी होये. तुळशीपाशीबी लागे. एक डाव तं कूलरपाशी लागलं.”

दामिनीनं पुष्कळ संतचरित्रं वाचली होती. कूलरपाशी कोणाचं ध्यान लागल्याचं तिला आठवेना.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून असन.”

“मग आईनं मला काहून सांगितलं नाही?”

“तू हसते म्हणे. देवाधर्माचं काही काढलं का दामिनी हसते, तिले नको सांगू म्हणे.”

हे खरं होतं. दामिनी हसायची.

यमुताई चहा घेऊन गेल्या. दामिनीनं विचार केला की ध्यान लागतं का, असं डॉक्टर कधीच विचारत नाहीत. न विचारलेल्याचं उत्तर द्यावंच लागतं असं नाही. संध्याकाळी तिनं दिवा लावला आणि सोनिकाला समोर बसवलं. सोनिकानं फुंकर मारून तो विझवला आणि खो खो हसली. दामिनीनं पुन्हा लावला, तिनं पुन्हा विझवला. दिव्याची इतकी थट्टा त्या घरात आजवर कोणी केली नव्हती. दामिनी निवांत मनानं वरण फोडणीला घालायला गेली.

जेवताना सोनिकाचा घास हातातच राहिला. डोळे उघडे, नजर पाण्याच्या तांब्यावर. ओठ बारीक हलत होते, जप केल्यासारखे.

“सोनू.”

काही नाही.

“सोनू, वरण सांडतंय.”

दामिनीनं घड्याळ पाहिलं. मग फोन उचलला, व्हिडिओ सुरू केला आणि धरून राहिली. एक मिनिट पन्नास सेकंदांनी सोनिकानं डोळे मिटून उघडले आणि घास खाल्ला.

डॉक्टरांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. हेही झटकेच, म्हणाले. यात मुलं पडत नाहीत, म्हणून घरच्यांना कळत नाही. औषध कमी करायचं नव्हतं, वाढवायचं होतं. दोन वर्षं नव्यानं मोजायची होती, आणि तीही हे थांबल्यावर.

“बऱ्याच जणांच्या हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. तुमच्याकडे कोणी पाहिलं पहिल्यांदा?”

“माझ्या आईनं.”

“बारीक लक्ष आहे त्यांचं. पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या, मला काही विचारायचं आहे.”

“बरं,” दामिनी म्हणाली, आणि चिठ्ठी घेऊन खालच्या औषधाच्या दुकानात रांगेला लागली.