कुंदाबाईची मागची गाडी

कुंदाबाईचं सासूशी कधीच पटलं नव्हतं, पण एकोणनव्वद सालच्या माघापर्यंत ते भांड्याला भांडं लागण्यातलं होतं. भाजीत मीठ जास्त, डोक्यावर पदर कमी, एवढंच. त्या दुपारी मात्र ती उपकेंद्रातून लवकर घरी आली, तर तिचा दीड वर्षाचा अभिमन ओसरीवर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या शेजारी झोपलेला. मिरचीचा खाट असा की थोरामोठ्याला ठसका लागावा. पोराच्या तोंडावर माश्या बसत होत्या आणि त्याची पापणी हलत नव्हती. कुंदाबाई नर्स होती. तिनं पापणी उचलून पाहिली. बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढासुद्धा नव्हता.

"अफू दिली याला?"

"मंग?" सासू पार्वताबाई मिरचीची देठं खुडत म्हणाली. "बठ्ठा दिन रडस तो. मी घरनं काम करू का त्याले खांदावर लीसन फिरू?"

म्हातारीला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. कमरेच्या पिशवीत पत्र्याची बारकी डबी आणि डबीत बाजरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या, ही तिच्या आजीपासून चालत आलेली रीत. आणि कुंदाबाई रोज दोन कोस सायकल मारून खेड्यातल्या बायांना हेच सांगत हिंडायची, की पोरांना गोळी देऊ नका, एखादं पोर झोपेतच जातं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो तिच्याच घरात होता. तिला सासूचा जितका राग आला, त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

नवरा यादव सुरतेला गिरणीत. त्याचं पत्र दिवाळीला यायचं, तेही दोन ओळींचं. घरात शब्द चालायचा तो थोरल्या दिराचा, पंडितचा. त्यानं जेवता जेवता निकाल दिला.

"पोरे सांभायनी शेतस तं नोकरी सोड. नोकरी करनी शे तं आई करस तसं चालू दे."

नोकरी सोडली की या घरात आपली किंमत चुलीतल्या राखेएवढी, हे कुंदाबाई ओळखून होती. आणि पोरांना इथं ठेवायचं म्हणजे उद्या अभिमनची पापणी उचलून पाहायची आणि परवा बहुतेक तीही वेळ यायची नाही. म्हणून तिनं तिसरी वाट काढली. पोरांना सोबत न्यायचं.

न्यायचं कसं, हा खरा प्रश्न. लेडीज सायकलला पुढची दांडी नसते, म्हणजे तिथं वेताची खुर्ची बांधता येत नाही. मागच्या कॅरिअरवर लसीची पेटी. थोरली छबी चार वर्षांची, तिला पेटीवर बसवावं तर पाय चाकात जाणार. आणि सायकल पडली तर दोघं पोरं हातभर उंचीवरून खडीवर आपटणार. कुंदाबाईचं माहेर भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं. तिथं लहानपणी तिनं एका इंजिन ड्रायव्हरची बायको पाहिली होती. सायकलच्या मागं दोन चाकांची पेटी जोडून त्यात दोन पोरं बसवून बाजाराला जायची. कुंदाबाईनं लसीकरणाच्या कार्डामागं ती आठवेल तशी काढली आणि हिलाल मिस्त्रीकडं गेली.

हिलाल बैलगाड्या बांधायचा. पंडित तिच्या आधीच तिथं जाऊन बोलून आला होता, "आमनी नर्सबाईनं डोकं फिरेल शे, तिनं काही आयकू नको." तरी हिलालनं गाडी केली, कारण कोणी कर म्हटलं आणि त्याला जमलं नाही, असं त्याला कोणी म्हणायला नको होतं. पेटी सागाची केली. बाजू उंच ठेवल्या, पोरांचे हात चाकाच्या तारांपर्यंत जाऊ नयेत म्हणून. चाकं लहान सायकलची, पक्की. फक्त सायकलला जोडायची दांडी त्यानं वर चढवली आणि सीटच्या खाली बोल्टनं घट्ट आवळली, बैलाच्या मानेवर जू असतं तशी.

पहिल्याच दिवशी पोरं बसवण्याइतकी कुंदाबाई खुळी नव्हती. तिनं पोरांच्या वजनाच्या ज्वारीच्या दोन पिशव्या पेटीत ठेवल्या आणि घरापुढच्या मैदानात सायकल काढली. निम्मी गल्ली बघायला उभी. सरळ नीट गेली. वळताना तोल गेला, सायकल आडवी झाली आणि तिच्याबरोबर गाडीही उलथली. ज्वारी मातीत.

पंडितनं टाळी वाजवली. पार्वताबाई पुढं आली, मूठभर ज्वारी उचलून तिनं सगळ्यांना दाखवली.

"आज दाना सांडना. सकाय रगत सांडी."

कुंदाबाईलाही तेच दिसलं होतं. ती भ्यायली. पण भीतीपोटी घरी बसणारी ती नव्हे. ज्वारी निवडता निवडता तिनं विचार केला आणि दुसऱ्या दिवशी परत हिलालच्या अंगणात उभी राहिली.

"मिस्त्री, जोड खाली घ्या. मागच्या चाकाच्या आसापाशी, डाव्या अंगाला. आणि बोल्ट नको, कडी घाला आणि मधे ट्रकच्या टायरचं रबर. सायकल आडवी झाली तरी गाडी उभी राहिली पाहिजे."

"तीस वरीस व्हयनात मी गाड्या करस," हिलाल भडकला. "वढनं खांदावरथून व्हस. तू मले शिकाडशी?"

"बैलाचं खांद्यावरूनच होतं. पण बैल कधी चालता चालता कुशीवर पडतो का? सायकल पडते."

हिलालला राग आला. त्यानं दांडी कापली, वाकवली, खाली आसापाशी आणली, कडी आणि रबर बसवलं. काम संपल्यावर एवढंच म्हणाला, "पडनी तं मनं नाव सांगू नको." कुंदाबाईनं त्याच्यासमोर सायकल तीनदा मुद्दाम आडवी पाडली. तिन्ही वेळा पेटी जागच्या जागी उभी. हिलाल पाठ फिरवून बिडी ओढत बसला.

मग रोजचं सुरू झालं. छबी जड, म्हणून ती पुढं, अभिमन मागं. वजन मागं गेलं की सायकलचं मागचं चाक हलकं होतं, हे तिला दोन दिवसांत कळलं. दोघांच्या कमरेला पट्टे. काठीला लाल लुगड्याची चिंधी, ट्रकवाल्यांना दिसावी म्हणून. उतारावर गाडी मागून ढकलते, तेव्हा ब्रेक आधीच दाबायचा. गल्लीतले लोक "नर्सबाईनी वरात निंघनी" म्हणून हसत. अभिमनला पेटीत बसणं आवडत नव्हतं, तो गल्लीभर भोकाड पसरायचा, आणि पंडित घरी येऊन थयथयाट करायचा, "पोर रडस, लोके हासतस, घरनी इज्जत जास."

पंधरवडा गेला आणि एक नवल झालं. सकाळी पोरांना न्हाऊमाखू घालून गाडीत बसवायचं काम पार्वताबाईनं आपण होऊन घेतलं. अभिमनचं रडणंही थांबलं. म्हातारीला पाझर फुटला, असं कुंदाबाईला वाटलं. माणसाला जे हवं असतं ते पटकन खरं वाटतं, त्यात तिचं काय चुकलं?

फाल्गुनातल्या एका सकाळी अरुंद गाडवाटेवर समोरून पंडितची बैलगाडी आली, कडब्यानं वरपर्यंत भरलेली. दोघांपैकी एकानं कडेला व्हायला हवं होतं. पंडितनं कासरा ओढला नाही.

"सरक! भरेल गाडीले वाट देतस."

"नाना, माझीही भरलेलीच आहे."

तो हसला आणि त्यानं बैलांना चुचकारलं. कुंदाबाईला कडेला व्हावं लागलं, चाक सुट्या खडीवरून घसरलं आणि ती सायकलीसकट आडवी झाली. गुडघा फुटला. तिनं आधी मान वळवून मागं पाहिलं. गाडी उभी होती. एक चाक चाकोरीत, एक काठावर, पण उभी. छबी पट्ट्यात घट्ट बसलेली, डोळे विस्फारून बघत होती. पंडितनंही ते पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. त्या एका क्षणी कुंदाबाईला असा आनंद झाला की गुडघा दुखल्याचं कळलं नाही.

मग तिला अभिमन दिसला. एवढा दणका बसला तरी तो उठला नव्हता. मान छातीवर लोंबत होती.

"झोपेल शे," पंडित वरून म्हणाला. "चांगलं शे ना."

कुंदाबाईनं पापणी उचलली. मोहरीसुद्धा नाही, टाचणीचं टोक. श्वास मोजला, फार सावकाश येत होता.

"आजीनी त्याले डबीमाधली गोयी दिधी," छबी म्हणाली. "रोज देस. आज दोन दिध्यात."

कुंदाबाईनं सायकल उभी केली आणि दोंडाईच्याकडं फिरवली. तिथला सरकारी दवाखाना कोसभर मागं होता. "छबी, त्याला झोपू देऊ नकोस. चिमटे काढ, केस ओढ. तो रडला पाहिजे. रडला नाही तर मला हाक मार."

आयुष्यात तिनं कधी तशी सायकल मारली नव्हती. मागून पेटीचा खडखडाट येत होता आणि त्यात ती फक्त एक आवाज शोधत होती. अभिमन बारीक किंचाळला. बरं वाटलं. मग गप्प. "छबी!" पुन्हा किंचाळला. पुन्हा गप्प. "छबी, जोरात!" ज्या रडण्यापायी घराची अब्रू जात होती, ते रडणं ऐकायला ती जीव टाकत होती. देवाला ती काय काय बोलली, ते तिला नंतर आठवलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोराला आडवं होऊ दिलं नाही. दुपार कलली तेव्हा अभिमननं डोळे उघडले आणि सगळा वॉर्ड जागा होईल असा टाहो फोडला. कुंदाबाई भिंतीला टेकून छबीला पोटाशी धरून रडली. पोरीच्या चिमट्यांचे निळे डाग अभिमनच्या दोन्ही दंडांवर होते.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. उपकेंद्राला लागून एक खोली होती, तिथं राहायचं ठरवूनच आली. कपड्यांचं बोचकं बांधून तिनं ते पेटीत छबीच्या पायाशी ठेवलं. पंडित खाली मान घालून ओसरीवर बसला होता. पार्वताबाई दारात आडवी उभी राहिली, पण तिच्या आवाजात घाबरल्याची खूण नव्हती.

"येवढं काय व्हयनं? आमना घरना बठ्ठा पोरे हाईच खाईसन वाढनात. तुना यादव बी हाईच खाईसन वाढना."

कुंदाबाई या घरात सहा वर्षं भुसावळचीच भाषा बोलली होती. आज पहिल्यांदा ती म्हातारीच्या बोलीत बोलली.

"म्हनीसनच तो आजून जागा व्हयना नही."

पार्वताबाईनं चौकटीवरचा हात काढला. ती दारातून बाजूला झाली.

कुंदाबाईनं पट्टे तपासले, कडी ओढून पाहिली आणि सायकलवर बसली. पेटी हलताच अभिमननं भोकाड पसरलं. दारादारात बाया बघायला आल्या. तो गल्लीच्या टोकापर्यंत रडत गेला आणि तिनं त्याला एकदाही गप्प केलं नाही.